पोखरकरकाकांच्या माशा

माझ्या पुतणीच्या लग्नाचा अल्बम पोखरकरकाकांना दाखवला, तेव्हा त्यांनी नवरी पाहिली नाही की नवरा पाहिला नाही. खिशातलं भिंग काढून ते नवरीच्या हारावर वाकले आणि म्हणाले, "ही घरमाशी न्हाई. पाठीवरचे राठ केस बघा. अळीवर अंडी घालणारी हाय ही." वहिनी दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

काका मोशीत आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे राजगुरुनगरकडचे. सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीत ब्रेकचे पार्ट तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर लोक भजनाला लागतात, हे माशांना लागले. त्याही साध्या नव्हेत, परजीवी. ही माशी अळीच्या अंगावर अंडी घालते, मग पिल्लू आत शिरून अळीला आतून खातं. हे सगळं काका आमच्याकडे पोहे खाता खाता सांगतात.

इंटरनेटवर अशा हौशी लोकांचा एक गट आहे. तिथे कुठून कुठून फोटो येतात. पंखाची शीर कुठे वळते, केस कुठे उगवलेत ते बघून काका माशीचं कूळ सांगतात. कूळ, बस्स. पुढे जातीचं नाव विचारलं की हात वर. "फोटोत दिसत न्हाई ते आपल्याला ठावं न्हाई." एका डॉक्टरेटवाल्याने एकदा लिहिलं, "अनुभवाने कळतं हो." काकांनी उलट विचारलं, "अनुभव फोटोत कुठं बसलाय? त्यावर बाण काढून दाखवा."

असल्या माणसाला मित्र टिकला तर एखादाच. ते शब्बीरभाई. चाकणला त्यांचं गॅरेज आहे. माशांचं वेड त्यांना काकांनीच लावलं. दर रविवारी दोघे गॅरेजात चहा पीत एकमेकांनी काढलेले माशांचे फोटो बघायचे.

यंदा पावसाळा सरता सरता शब्बीरभाईंना गॅरेजमागच्या घाणेरीच्या फुलांवर एक सोनेरी माशी दिसली. त्यांनी तिचा फोटो गटावर टाकला. त्याच डॉक्टरेटवाल्याने तिला झटक्यात पूर्ण नाव देऊन टाकलं, वर 'दुर्मिळ' असा शेराही मारला. शब्बीरभाईंनी अख्ख्या गॅरेजला जिलेबी वाटली. काकांनी जिलेबी खाल्ली, घरी आले आणि फोटोखाली सगळ्यांदेखत लिहिलं, "पोटाची खालची बाजू दिसत नाही. नाव मान्य नाही."

रविवारचा चहा बंद झाला.

मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, "काका, हो म्हणून टाका ना. एका माशीवाचून कुणाचं काय अडलंय?"

काका ताडकन उठले. "उभ्या जल्मात ब्रेकचा पार्ट हातात धरून 'चालंल' म्हणलो न्हाई. साहेब येऊन वरडला, तरी न्हाई. आता शब्बीरसाठी म्हणू? मग माझ्या 'हो'ला त्याच्यापाशी तरी काय किंमत ऱ्हाईल?"

मला संताप आला. म्हटलं, बसा एकटेच केस मोजत! आणि जिना उतरून आलो.

परवा कामासाठी चाकणला गेलो होतो. शब्बीरभाईंच्या गॅरेजमागे, घाणेरीपाशी कुणीतरी उकिडवं बसलेलं दिसलं. बघतो तर काका! शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, हातात मोबाइल, कोपरावर काट्यांचे ओरखडे. महिनाभर रोज दोन बस बदलून येत होते. तीच माशी पुन्हा यावी, या खेपेला पोटाची बाजू फोटोत यावी आणि नाव पक्कं व्हावं, म्हणून.

"म्हणजे शब्बीरभाई बरोबर निघावेत म्हणून?"

"मग काय तो चुकावा म्हणून उन्हात बसलोय?" काका माझ्यावरच डाफरले. "घावली की सगळ्यांदेखत मीच लिव्हणार, शब्बीर खरा हाय म्हणून."

"आणि आलीच नाही तर?"

काकांनी गॅरेजच्या मागच्या खिडकीकडे पाहिलं. आत शब्बीरभाई पाठमोरे उभे होते, कुठल्याशा इंजिनात डोकं घालून. आपण काकांना काय काय बोललो, ते आठवून मला लाज वाटली.

"न्हाई आली तर उद्या यीन," काका म्हणाले. "हितनं शब्बीर दिसतो."