वेडेनरोडेच्या मठातील उंटाचे पान

आकाशीचा बाप, त्याचा पुत्र आणि पवित्र आत्मा यांस दंडवत घालोन, साक्सन मुलखी वेडेनरोडे येथील संन्यासिनींच्या मठात शुभवर्तमानाच्या एका पानावर जे रण माजले, त्याची हकीकत यथामति लिहिली असे. राजेरजवाड्यांच्या लढाया पुष्कळांनी लिहिल्या, त्यांत घोडी मेली आणि गावे जळाली. या लढाईत रक्ताचा थेंब सांडला नाही, शाई मात्र बहुत सांडली. जे डोळां पाहिले आणि मुदपाकखान्यात ऐकिले तेच येथे आहे, पदरचे घातले असेल ते मिठाइतकेच.

मठाच्या धनीण श्रीमंत मातोश्री इम्हिल्डा आईसाहेब, जातीच्या सरदारकन्या, शिकारीच्या ससाण्यांत निष्णात, लॅटिनात जुजबी. त्यांनी हुकूम फर्माविला की शुभवर्तमानाची नवी पोथी सिद्ध करावी, मूळ लॅटिन मजकूर मधोमध थोर अक्षरी असावा, आणि त्यास दोन सरदार नेमिले. चहूंकडील समास गेर्लिंदताईंच्या जहागिरीस दिले, की त्यांनी तेथे जुन्या धर्मपित्यांची भाष्ये लिहावी. आणि दोन ओळींमधली अरुंद पट्टी हाथुवीताईंस दिली, की त्यांनी हरएक लॅटिन शब्दाचे डोईवर साक्सन शब्द बारीक अक्षरी बसवावा, जेणेकरोन पोरीबाळींस अर्थ कळे. तह जाहला, दोघींनी क्रूसाची आण घेतली, आणि मग एकेक पेला जवाची बियर पिवोन कामास लागल्या.

हाथुवीताई ही उतारवयात मठात आलेली विधवा. वर्षानुवर्षे प्रार्थनेत उभी राहोन तिने लॅटिन गाईले, आणि आपण देवाशी काय बोलतो आहो, हे तिचे तिलाच ठाऊक नव्हते. हे दुःख तिने कोणास सांगितले नाही, पण ते होते, आणि मोठे होते. पुढे अट्टाहासाने लॅटिन शिकली आणि मनाशी धरिले, की मागून येणाऱ्या पोरींवर ही पाळी येवो देणार नाही. तिची सारी दौलत म्हणजे ती पट्टी.

गेर्लिंदताई तर विद्येचा डोंगर, नाक अष्टौप्रहर वर. त्यांनी वरचा समास काबीज केला, मग डावा, मग उजवा, आणि मग खालचा. पुढे ते वचन आले, की धनवंताने स्वर्गराज्यी शिरण्यापरीस उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणे सोपे, आणि तेथे गेर्लिंदताईंस वीरश्री चढली. एका धर्मपित्याच्या मते उंट म्हणजे गर्व, दुसऱ्याच्या मते उंट म्हणजे पाप, तिसऱ्याच्या मते उंट म्हणजे परमुलखीचे लोक. सगळ्यांच्या फौजा आणोन उतरविल्या, समास अपुरे पडले, आणि तह मोडोन पायदळ ओळींच्या मध्ये घुसले.

हाथुवीताईंनी जाब विचारला. "ताई, तुमची अक्षरं माझ्या ओळीत आलीत."

"मग सरक की जराशी. मेंढपाळांची बोली काय, कुठेही मावते."

"प्रभू जन्मला त्या रात्री गोठ्यात पहिले मेंढपाळच पोचले होते, ताई. लॅटिन येत नव्हतं त्यांना."

हा घाव वर्मी लागला. गेर्लिंदताई तडक आईसाहेबांच्या हुजुरास गेल्या आणि अर्ज केला, की बिशप फोल्कमार मठाच्या पाहणीस येत आहेत, पवित्र ओळींच्या डोक्यावर गावठी बोली बसलेली त्यांच्या नजरेस पडली तर मठाची अब्रू जाईल. आईसाहेब गडबडल्या आणि हुकूम सुटला, की हाथुवीने शाईस हात लावू नये. दौत जप्त जाहली.

हाथुवीताई मुदपाकखान्यात चुलीपाशी येवोन बसली. तेथली टेटा कोबी चिरीत होती.

"ताई, तो उंट उंट म्हणतात, तो दिसतो कसा गं?"

"पाप असतो म्हणे. गर्व असतो."

"ते असू दे. पण बकरीएवढा का घोड्याएवढा? बकरीएवढा असला तर चेपूनबिपून जाईलही एखादे वेळी."

हाथुवीताई उठली. इतके धर्मपिते, चार समास, आणि उंट केवढा हे कोणी सांगितलेच नव्हते! हुकुमात मनाई शाईची होती. पानावर रेघा आखण्याच्या लोखंडी टोचणीचे नाव त्यात नव्हते. मग तिने गनिमी कावा आरंभिला आणि गेर्लिंदताई प्रार्थनेस जात, तेवढ्यात कोरड्या टोचणीने वासराच्या कमावलेल्या चामड्याच्या पानावर साक्सन शब्द दाबोन उमटविले. समोरून पाहता पट्टी कोरी. तिरपा उजेड पडला तरच अक्षर वर येई. पोरींना तेवढी खूण सांगोन ठेवावी, ऐसा बेत. उंटापाशी आली तेव्हा यरुशलेमेहून परतलेल्या एका यात्रेकरूने सांगितलेले उंटाचे रूप आठवले, आणि अंगी खोडकरपणा भरोन ओळींच्या मधोमध एक वाक्य जास्तीचे टोचिले.

पाहणीचा दिवस उजाडला. रिवाज ऐसा, की आईसाहेबांनी त्या दिवसाचे वचन वाचावे आणि सर्वांसमोर साक्सन बोलीत उकलोन सांगावे. त्या दिवसाचे वचन नेमके उंटाचे होते. बिशपास वयोमानाने दिसत कमी होते, म्हणोन त्यांच्या खातर वाचनाचे मेज पूर्वेच्या खिडकीशी नेले होते. हिवाळ्याचे ऊन थेट आडवे पानावर पडले. टोचलेले अक्षर न अक्षर वर आले.

आईसाहेबांनी लॅटिन कसेबसे ओढीत नेले, अर्थ सांगण्यास तोंड उघडले, आणि घाम फुटला. मग पानाकडे पाहिले, आणखी वाकोन पाहिले, आणि मुद्रा खुलली. घडाघडा साक्सन वाहू लागली. पोरी माना वर करोन ऐकू लागल्या, दाराशी टेटा तोंड उघडे टाकोन उभी राहिली. हाथुवीताईंचे डोळे भरोन आले. तितक्यात पुढे काय आहे ते स्मरले आणि ती खोकू लागली, पण आईसाहेब ससाण्यासारख्या सुटल्या होत्या, त्या कोठल्या थांबतात!

"उंट म्हणजे बैलाहून उंच जनावर, पाठीवर जन्माचं गाठोडं, आणि चालताना नाक वर धरतं, आमच्या गेर्लिंदताईंसारखं."

बिशपांनी विचारिले, "या गेर्लिंदताई कोण?"

"मी, महाराज," गेर्लिंदताई पुढे होवोन बोलिल्या, आणि सवयीने नाक वर केले.

बिशपांनी बहुत वेळ न्याहाळिले. "या वचनावर उभा जन्म प्रवचनं केली बरं का मी. उंट आज समजला."

बिशप बाम माशाचे जेवण करोन मार्गस्थ जाहले, आणि मग दरबार भरला. आईसाहेबांची आज्ञा जाहली, की हाथुवीने नाकाची ओळ खरवडोन काढावी, शाईचा निवाडा मागाहून. गेर्लिंदताईंनी चाकू स्वतः उचलिला. "तू राहू दे. तू अर्धं नाक ठेवशील."

त्वेषाने खरवडिले. टोचणीचा दाब खोल गेला होता, मग आणखी त्वेषाने खरवडिले, आणि चामडे फाटले. शुभवर्तमानास भोक पडले. ऐशा गुन्ह्यास शिक्षा एकच, लेखणी कायमची जप्त.

गेर्लिंदताईंचे नाक प्रथमच खाली आले. "दुसरं काही येत नाही गं मला," एवढेच बोलिल्या.

शत्रू तलवार टाकोन उभा होता, एक शब्द बोलता चारी समास हाती येत होते. हाथुवीताईंनी पान उचलिले आणि आईसाहेबांपाशी नेले. "चामडंच मुळात पातळ होतं, आईसाहेब. वासराला गोमाशी चावली असेल तिथे."

आईसाहेबांनी पान डोळ्यांशी धरोन भोकातून आधी एकीस पाहिले, मग दुसरीस. "चावल्या असतील," म्हणाल्या. "दोन तरी असतील."

येणेप्रमाणे निवाडा जाहला. शाईची दौत हाथुवीताईंस परत मिळाली, ओळींमधला मुलूख बेशक बहाल जाहला, आणि पुढील सर्व पानांवर खालचा समास साक्सन बोलीच्या अमलाखाली आला. वेडेनरोडेच्या मठी हाथुवीताईंची फत्ते जाहली ऐसे येथे नमूद केले असे. गेर्लिंदताईंनी त्या भोकाभोवती तांबड्या शाईने सुबक कड काढिली, आणि तिच्याखाली, जन्मात प्रथमच साक्सन बोलीत, स्वहस्ते लिहिले: उंट इथूनच गेला.