पावणेसहाची खुर्ची

खरेदीत मी आजवर फसलेलो नाही! ही फुशारकी नाही, नोंद आहे. मी वजनकाट्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. माझ्या हाताखालून गेलेला काटा शेंगदाण्याच्या टरफलाइतकंसुद्धा खोटं बोलत नाही. हीच शिस्त मी घरातही आणली. झाडू घ्यायचा असो की पंखा, आधी तक्ता करायचा, रकाने पाडायचे, दहापैकी गुण द्यायचे आणि ज्याची बेरीज जास्त तो माल घरात!

"मला किती गुण पडले होते हो?" बायको अधूनमधून विचारते.

"तेव्हा मी तक्ते करत नव्हतो."

"मी तरी करायला हवा होता," ती म्हणते आणि आत जाते.

तर, दहा वर्षांच्या आमच्या कन्येला कुत्रा हवा होता. नव्या घरात राहायला येऊन आम्हाला चारच महिने झाले होते. तिसरा मजला, भरपूर उजेड, आणि आधीच्यांनी सोडून दिलेलं सामान म्हणजे एक सागवानी कपाट आणि बाल्कनीतली एक वेताची खुर्ची. दोन्ही मी तपासून ठेवून घेतली होती. कपाटात माझे कपडे लागले. खुर्चीला दहापैकी आठ!

कुत्र्यासाठी मी एकोणीस जातींचा तक्ता केला. केस गळणे, भुंकणे, भूक, अक्कल, पाहुण्यांशी वागणूक असे बारा रकाने. पहिली आली ती सोनेरी केसांची, लोंबत्या कानांची एक जात. बायको म्हणाली, "अहो, टाकून दिलेली इतकी कुत्री आहेत निवाऱ्यात, त्यातलं एक आणू या की!" मी म्हटलं, "त्यांची जात कुठल्या रकान्यात घालू?" झालं. बोलणं संपलं.

जातिवंत पिल्लं विकणाऱ्याच्या दिवाणखान्यात टोपली होती आणि टोपलीत चार सोनेरी गोळे. कन्या विरघळली. मग तिने विचारलं, "ह्यांची आई कुठंय?"

"आई दाखवायची पद्धत नाही आपल्याकडे," विक्रेता हसून म्हणाला.

आता मी तपासनीस! माल कुठून आला ते बघितल्याशिवाय शिक्का मारत नाही. मी सरळ मागचं दार ढकललं.

लांबलचक खोली होती. एकावर एक पिंजरे. तीसेक कुत्र्या, सगळ्या सोनेरी, सगळ्या हाडकलेल्या. दार उघडताच तिसांच्या तीस माना एकदम माझ्याकडे वळल्या. एकही भुंकली नाही. भर दुपारी त्या खोलीत नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं.

"बघा, किती शांत जात आहे!" विक्रेता मागून म्हणाला.

माझ्या तक्त्यात 'भुंकणे' ह्या रकान्यात ह्या जातीला दहापैकी दहा होते. ते मीच दिलेले. मला इतकी लाज वाटली की तक्त्याची घडी घालताना हात चुकला. बायको तोवर कन्येला घेऊन रस्त्यावर पोचली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

तिथून आम्ही थेट निवाऱ्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळी कुत्री दाखवली. शेवटच्या कोपऱ्यात एक नऊ-दहा वर्षांचा करडा कुत्रा भिंतीकडे तोंड करून पडला होता. एक कान उभा, एक आडवा. जात? असतील तेवढ्या सगळ्या.

"ह्याचं सोडा," बाई म्हणाल्या. "आठ महिने झाले, जागचा उठत नाही. सुरुवातीचे अकरा दिवस तर जेवलाच नाही."

आणि तो उठला! सावकाश माझ्याकडे आला. माझ्या पँटचा पाय खालपासून गुडघ्यापर्यंत हुंगला. डोळे मिटले, पुन्हा हुंगला. मग माझ्याकडे ढुंकूनही न बघता बाहेर गेला आणि आमच्या गाडीशेजारी जाऊन बसला.

"अगं बाई! त्याने तुम्हाला निवडलं!" डॉक्टरीणबाईंचा आवाज भरून आला. माझीही छाती फुगली. माणसाची पारख असलेला प्राणी! मनातल्या मनात अकलेच्या रकान्यात साडेनऊ टाकले.

सही करताना बाईंनी मात्र माझा हात थांबवला. "एकच सांगते. ह्याला परत आणू नका. आणखी एकदा परत येणं त्याला झेपायचं नाही. पुन्हा जेवण सोडलं तर ह्या वयात वाचायचा नाही तो."

"मी आणलेली वस्तू कधी परत करत नाही," मी ऐटीत म्हणालो.

त्या वाक्याची आठवण झाली की अजून कान गरम होतात.

कन्येने त्याचं नाव 'काका' ठेवलं, कारण तो दिसायला थेट माझ्या धाकट्या भावासारखा होता. भाऊ अजून बोलत नाही आमच्याशी. पण नाव चिकटलं, आणि नावाबरोबर मानही आला. काका जेवले का, काका झोपलेत, असं आम्ही बोलू लागलो.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. तळमजल्यावरच्या मावशी दारात उभ्या होत्या. ह्या मावशींना कानाशी घंटा वाजवली तरी ऐकू येत नाही. आम्हाला बघून त्या म्हणाल्या, "आला का रे परत!" मी म्हटलं, "हो मावशी, जरा बाहेर गेलो होतो." मावशी मला एकेरीत हाक मारतात हे तेव्हाच कळलं. नजर माझ्या गुडघ्यांवर होती, पण वय झालंय, म्हटलं असेल.

काका पुढे निघाले. पट्टा ओढावा लागला नाही. पहिला मजला, दुसरा, तिसरा. तिसऱ्यावर चार दारं आहेत. काका आमच्या दारासमोर थांबले आणि कडीकडे बघत बसले.

"बाबा, त्यांना कसं कळलं?" कन्येने विचारलं.

"चपलांचा वास!" मी म्हणालो. आमच्या चपला आत असतात, हे मला आत गेल्यावर आठवलं.

आत गेल्यावर काकांनी घर बघितलंच नाही. बघितलेलं घर पुन्हा कोण बघतं? ते सागवानी कपाटाशी गेले, नाक फटीला लावून उभे राहिले. मग स्वयंपाकघरातला सगळ्यात खालचा खण त्यांनी पंजाने ओढला. त्यात आमचे चिमटे होते. काकांनी आमच्याकडे असं बघितलं, जणू आम्हीच चुकीच्या घरात आलोय.

संध्याकाळी बरोबर पावणेसहाला ते उठले आणि दाराशी गेले. शेपूट हलू लागलं. दार बंद. बेल वाजली नव्हती. तरी काका आनंदाने दोनदा गिरकी मारून वळले आणि मान वर करून, कुणाच्या तरी शेजारून चालावं तसे चालत बाल्कनीत गेले. रिकाम्या खुर्चीसमोर बसले, हनुवटी पुढे केली, आणि डोळे मिटले.

हनुवटी हवेत होती! कुणाच्या तरी गुडघ्यावर टेकावी तशी. आणि आडवा कान हळूहळू मागे सपाट होत होता, जसा कुणी हात फिरवल्यावर होतो.

"अहो," बायको माझा दंड धरून पुटपुटली, "बघताय ना?"

"सवय असेल."

"कुणाची?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. घड्याळ पुढेमागे होईल, काका नाहीत. बायकोने त्या खुर्चीवर कपडे वाळत घालणं बंद केलं. कन्या तर शांतपणे म्हणाली, "बाबा, तिकडून जाऊ नका ना, पाय लागेल." "कुणाला गं?" "मला काय माहीत? काकांना विचारा."

मी शास्त्रीय माणूस. घाबरतो, पण मोजून! टेप घेतली. काकांची हनुवटी जमिनीपासून सोळा इंचांवर टेकत होती. रोज सोळा. माझा गुडघा खुर्चीत बसल्यावर साडेअठरा भरतो, बायकोचा सतरा, कन्येचा चौदा. म्हणजे जे कोणी होतं, ते आमच्यापैकी नव्हतं. टेप मोजून देते, धीर देत नाही.

आठव्या दिवशी मी ठरवलं, खुर्चीत आपणच बसायचं! पावणेसहाला काका दाराशी गेले, गिरकी मारून परतले, बाल्कनीच्या उंबऱ्यावर आले आणि थबकले. माझ्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्याच्या वर, बरंच वर बघितलं. शेपूट खाली गेलं. आणि ते इतके केविलवाणे कण्हले! पाहुण्याच्या जागेवर घरातलं पोर बसलेलं असावं आणि आईला ओशाळं व्हावं, अगदी तसं. माझ्या मानेवरचा एकेक केस उभा राहिला.

मी ताडकन उठलो. कोपर लागून कुंडी कठड्यावरून खाली गेली ती थेट मावशींच्या धुण्याच्या बादलीत! मावशी तरातरा तीन मजले चढून आल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"कुंडीचं राहू द्या हो!" मावशी म्हणाल्या. "ती खुर्ची रोज संध्याकाळी सरकवता ना, तेवढं बंद करा. डोक्यावर कर्रर्र होतं!"

"मावशी, ती खुर्ची आम्ही हलवतच नाही," बायको त्यांच्या कानात ओरडली.

मावशींनी खुर्चीकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि "दूध ठेवलंय गॅसवर" म्हणून निघून गेल्या.

सकाळी मी काकांना गाडीत बसवलं. बायको दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "तुम्ही त्या पिंजऱ्यांपुढे लाजला होतात ना? मला वाटलं होतं, ती लाज टिकेल." कन्या आत निघून गेली.

निवाऱ्यात काका स्वतःहून उतरले. कोपऱ्यात गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. भुंकले नाहीत, रडले नाहीत. त्या पिंजऱ्यांच्या खोलीतल्यासारखी शांतता पसरली.

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म पुढे सरकवला. परत करण्याचे कारण: मी लिहिलं, 'घरात नसलेल्या व्यक्तीशी अतिपरिचय.' मग खाली पत्ता लिहिला; नेताना ओळखपत्रावरचा जुना दिला होता, ह्या वेळी नवा लिहिला. बाई पत्ता वाचून थांबल्या. जुनी वही काढली, पानं उलटली आणि माझ्यापुढे धरली. काकांना आठ महिन्यांपूर्वी इथे सोडून गेलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांचा पत्ता. आमचाच! मजला तिसरा, दार तेच.

मी कपाळावर हात मारला. कपाट! माझी पँट त्या कपाटातली, म्हणजे तिला आजोबांचा वास! कुत्र्याने मला निवडलं नव्हतं, पँटला निवडलं होतं. अकलेचे साडेनऊ गुण देणारा मूर्ख तो मीच!

"आजोबा... कधी गेले?" मी हळूच विचारलं.

"गेले? छे हो! गुडघे गेले फक्त. जिना चढवत नाही म्हणून लेकीकडे राहतात, तिच्याकडे कुत्रा चालत नाही. दर महिन्याला फोन करून ह्याची चौकशी करतात."

म्हणजे मी आठ दिवस एका जिवंत माणसाच्या भुताला घाबरत होतो! मी फॉर्म टराटरा फाडला. कोपऱ्यात जाऊन चक्क जमिनीवर बसलो आणि म्हटलं, "काका, चुकलो. घरी चला." बराच वेळ त्यांनी पाठ फिरवलेलीच ठेवली. मग माझी पँट हुंगली आणि उठले. मी पँटचे मनापासून आभार मानले.

रविवारी आम्ही आजोबांना आणलं. मी आणि त्यांच्या जावईबापूंनी त्यांना एका लाकडी खुर्चीत बसवून वर चढवलं. हा शिडीसारखा उंच माणूस! काकांनी त्यांचं तोंड, चष्मा, कान सगळं चाटून काढलं. आजोबा रडले, बायको रडली, मीही जरासा. चहा झाला. वेताच्या खुर्चीत त्यांना बसवलं आणि मी विजयाने घड्याळाकडे बोट दाखवलं. "पावणेसहा! आता बघा, तुम्हालाच शोधत होता तो."

काका उठले. आजोबांना ओलांडून दाराशी गेले. शेपूट हलवलं. गिरकी मारली. मान वर करून कुणाच्या तरी शेजारून बाल्कनीत आले. आणि आजोबांनी, मला तर धडकीच भरली, आजोबांनी आपले दुखरे गुडघे हळूच एका बाजूला घेतले. काकांनी मोकळ्या झालेल्या जागेत हनुवटी टेकली. सोळा इंच. आजोबांचा गुडघा एकवीसच्या खाली नसेल!

"मला नव्हे हो," आजोबा म्हणाले. "मी दिवसभर घरातच असायचो. मी पाच वर्षांपूर्वी ह्याला त्याच निवाऱ्यातून आणला. ह्याने माझी पँट हुंगली होती."

"पण... कपाट तर तुमचं ना?"

"मी आलो तेव्हा होतंच ते. खुर्चीही."

"मग आधी इथे कोण राहायचं?"

"मावशींना विचारलं होतं एकदा." आजोबांनी काकांच्या उभ्या कानावर हात ठेवला. आडव्या कानाला त्यांनी हात लावला नाही. "त्यांचं दूध असतं गॅसवर."

मग आजोबा म्हणाले, "त्रास काही नाही हो. घर आवडलं की माणूस येतंच. तुम्ही फक्त ह्याला परत पाठवू नका."

काका आता आमच्याकडेच आहेत, शेवटपर्यंत राहतील. आजोबा दर रविवारी येतात. तक्ते मी बंद केले. भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे मात्र स्पष्ट सांगतो! संध्याकाळी मी बेधडक त्या खुर्चीत बसतो.

जरा कडेला बसतो, एवढंच.