केशर भोजनालयाच्या वेबसाईटीची मोहीम आणि केशरबाईंचे मौन

समस्त पोट असलेल्या आणि दिवसभर अंगठ्याने मोबाईल घासणाऱ्या वऱ्हाड मुलुखीच्या रयतेस जाहीर व्हावे ऐसे जे : शके एकोणीसशे सत्तेचाळीस, माघ मासी, अमरावती मुक्कामी, बडनेरा रस्त्यावरील केशर भोजनालयाच्या वेबसाईटीवर जी चढाई झाली, तीत कोण लढले, कोण पडले, आणि खाशांनी किती सुपाऱ्या फोडल्या, तो मजकूर तपशीलवार लिहिला आहे. वाचणाऱ्याने जेवून वाचावा. उपाशीपोटी वाचून जीव कासावीस झाल्यास दोष आमचा नव्हे.

अखंडितचुलीअलंकृत मातोश्री केशरबाई या भोजनालयाच्या धनीण. शिक्षण दुसरी पास, तेही गुरुजी दयाळू होते म्हणून. परंतु बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले रोडगे यांत त्यांचा हात असा, की अचलपूरचा माणूस एस.टी. सोडून जेवत बसे, आणि मग घरी जाऊन बायकोच्या भाजीस नावे ठेवी, आणि मग पुढे त्याचे जे होई ते होई.

बाईंचे चिरंजीव नागसेनराव शिकलेले निघाले, हे मोठे संकट. त्यांनी दिवाळीच्या सुमारास पुण्याहून एक कारागीर नेमून भोजनालयाची वेबसाईट उभारली आणि फर्मान काढले की फोनवर ऑर्डर घेणे हे मागासलेपण आहे, सबब जुना नंबर बंद करून सर्व कारभार वेबसाईटीच्या दरवाजातून व्हावा. दरवाजा मोठा देखणा झाला, आणि आत कोणी आले नाही. लग्न, साखरपुडे, वाढदिवस गावभर झाले, जेवणावळी उठल्या, परंतु केशर भोजनालयाकडे तीन महिने एकही मोठी ऑर्डर फिरकली नाही.

तेव्हा नागसेनरावांनी दुसरे फर्मान काढले. रविवारपावेतो वेबसाईटीवर एक मोठी ऑर्डर न आल्यास सोमवारी सर्व पदार्थ घरपोच पोचवणाऱ्या कंपनीच्या हवाली होतील. ती कंपनी ते डब्यांत भरून 'स्पायसी विदर्भ किचन' या नावाने विकील, आणि केशर हे नाव पाटीवरून उतरेल. ऐकून बाईंच्या हातातले लाटणे थांबले. ज्या नावाने तीस वर्षे चूल पेटली, ते नाव पोटच्या पोराने उतरवावे, यापरता गनीम तो कोण!

मग सूनबाई ज्योत्स्ना यांनी गुप्त मसलत करून अकोल्याहून बाईंच्या लेकीची लेक पायल हिला पाचारण केले. लोकांच्या वेबसाईटी तपासून त्यांतली खोट काढणे हाच तिचा पोटापाण्याचा धंदा. खोट काढण्याचे कोणी पैसे देते हे ऐकून बाईंस आपले आयुष्य फुकट गेल्यासारखे वाटले. पायल एस.टी.तून उतरली, चहा घेतला आणि अट घातली.

"आजी, मी नाई तपासनार. जेवनारी मानसं तपासतील. तिघं बोलाव, त्याईच्या हाती मोबाईल देऊ, दोन ताटं मागवा म्हनू. तू मागं बस. अन् एक शब्दही बोलू नको. तू बोलली का परीक्षा बाद."

ही अट किल्ला घेण्याहून कठीण. ती जीभ बहात्तर वर्षांत फक्त दात काढतेवेळी थांबली होती, आणि तेव्हाही डॉक्टर घाबराच होता. परंतु नावाचा प्रश्न. बाईंनी अख्खी सुपारी तोंडात घातली, दोन पदरात ठेवल्या, आणि भिंतीशी खुर्ची टाकून बसल्या.

प्रथम बँकेतील कारकून भावना मैदानात उतरली. वेबसाईटीने तिचा मोबाईल नंबर मागितला, मग त्यावर आलेला आकडा मागितला, मग जन्मतारीख मागितली.

"मी जेवन मागून रायली का रेशनकार्ड काढून रायली?" असे भावना बोलली आणि मोबाईल ठेवून उठली.

बाईंच्या दारी वैरी आला तरी आधी पाण्याचा तांब्या आणि मग गाव कोणते ही चाल. येथे आधी गाव, नाव, जन्म, आणि पाण्याचा पत्ता नाही. पहिली सुपारी फुटली.

दुसऱ्या आल्या शेजारच्या सत्यवतीबाई, निवृत्त अंगणवाडी सेविका, आणि पापडाच्या कामी बाईंच्या तीस वर्षांच्या प्रतिस्पर्धी. त्यांनी रोडगे शोधले. पदार्थांची यादी म्हणजे छापील कार्डाचा मुंगीएवढा फोटो, तो दोन बोटांनी ताणता ताणता त्यांस घाम फुटला, आणि रोडग्यांच्या जागी सापडले 'स्मोक्ड व्हीट बॉल्स'.

"अवं बाई! केशरच्या रोडग्याईचं बारसं झालं, अन् आपल्याले बोलावनं नाई!" असे म्हणून त्या मागे वळून गोड हसल्या. ते हसू बाईंनी गिळले. दुसरी सुपारी नुसती फुटली नाही, तिचा भुगा झाला.

आता वेबसाईटीच्या पहिल्या पानाची हकीगत लिहिणे प्राप्त आहे. पान बांधतेवेळी खुद्द बाईंचा हुकूम होता की तेथे आपलीच तसबीर असावी, पडदाभर असावी, हात जोडलेले असावेत, भोवती झेंडूची माळ आणि दोहो बाजूंस जळत्या मेणबत्त्या असाव्यात. पुण्याच्या कारागिराने ते सर्व केले, वर तसबीर काळी-पांढरी केली, बासरी लावली आणि खाली लिहिले, 'त्यांच्या हातची चव सदैव स्मरणात राहील'. भावना आणि सत्यवतीबाई रोजच्या ओळखीच्या, त्या वर न पाहता पुढे गेल्या. तिसरे जानराव, भातकुलीचे, एस.टी.चे निवृत्त कंडक्टर, बहिणीकडे पाहुणे आलेले. त्यांनी बाईंस जन्मात पाहिले नव्हते.

जानरावांनी वेबसाईट उघडली, बासरी वाजली, आणि ते टोपी काढून उभे राहिले.

"अरेरे! कधी गेल्या बिचाऱ्या?"

पायल म्हणाली, "काका, मले काई सांगता येत नाई. तुमाले वाटते तसं करा."

"काय करू पोरी? दुःखाच्या घरी ताटं मागू काय? मानूस हाओ मी." असे बोलून त्यांनी मोबाईल अलगद पालथा ठेवला आणि क्षणभर डोळे मिटले.

तेव्हा बाईंस तीन महिन्यांचा उलगडा झाला. अवघ्या मुलुखाने त्यांचा शोक शिस्तीने पाळला होता, आणि जेवण मात्र दुसरीकडे केले होते. मी जिती हाओ, एवढेच बोलायचे होते, आणि तेवढेच बोलायची बंदी. तिसरी सुपारी एका जुन्या दाढेसह धारातीर्थी पडली. त्या आवाजाने जानराव मागे वळले, आणि पाहतात तो तसबीर खुर्चीत बसून चावत आहे.

"बाई... तुमी त बसून रायल्या!"

"आजी, झालं," पायल म्हणाली. "बोल आता."

दारात उभ्या नागसेनरावांसह सर्वांनी कान झाकण्याची तयारी केली. बाईंनी सुपारी थुंकली, दाढ पदरी बांधली, आणि एवढेच बोलल्या, "नागसेन, तो फोटो काढ."

"माय, रंगीत टाकतो न. हसत असलेला."

"काहून? माह्या तोंडाकडे पाहून कोनाले भूक लागत नाई. तुह्या बापालेही नोती लागत."

मग हुकूम सुटले. तसबिरीच्या जागी तर्रीदार रश्श्याचे ताट यावे. नंबर, आकडा, जन्मतारीख यांची चौकी उठवावी आणि आलेल्यास आधी जेवण दाखवावे. यादी मोठ्या अक्षरांत असावी. रोडग्यास रोडगे म्हणावे, आणि चार तास आधी सांगावे असे लिहावे. जुना फोन सुरू करून त्याचा नंबर सर्वांत वर असावा. पायलने दोन दिवस बसून हुकमाची तामील केली, आणि केशर हे नाव ताटाच्या वर ठळक लिहिले.

शनिवारी दुपारी अकोटहून ऑर्डर रुजू झाली. कापसाच्या जिनिंगचे मालक शेषराव, मुलीचा साखरपुडा, दीडशे माणूस. सूचनेच्या रकान्यात लिहिले होते : 'बाई गेल्याचं दिवाळीतच दिसलं होतं, म्हणून इतके दिवस तरास देला नाई. त्याईच्या हातासारखंच तिखट ठेवजा.' नागसेनराव घाईने खुलासा टंकू लागले, तोच बाईंनी त्यांचे मनगट धरले.

"राहू दे. मी जाऊन सांगतो."

येणेप्रमाणे कंपनीचा करार फाटला आणि मोहीम फत्ते झाली. अकोट मुक्कामी भर पंगतीत केशरबाई स्वतः हाती रश्श्याचे वगराळे घेऊन शेषरावांच्या पानापुढे उभ्या राहिल्या. शेषरावांनी वर पाहिले, आणि मग पान संपेपावेतो पुन्हा वर पाहिले नाही. रस्सा त्यांनी चार वेळा घेतला. तो चवीने घेतला की नको म्हणण्याची छाती झाली नाही, याचा निवाडा ज्याचा त्याने करावा. केशर भोजनालयाच्या दप्तरी चार वेळा अशी नोंद आहे.