चौदा महिन्यांचे डाग

‘अगदी मूळ होतं तसं’ हे शब्द ज्या कुणी पहिल्यांदा उच्चारले, त्याने किती संसारांत बिब्बा घातला याची त्याला आज तरी लाज वाटायला हवी! जुनं नव्यासारखं करा म्हणे, पण जुन्या चुकांसकट. हा कुठला न्याय?

अमेरिकेतल्या फ्लिंट शहरच्या व्हर्नन कोवाल्चिकला मात्र हाच न्याय पटला होता. १९६९ सालची, दोन दारांची, दांडग्या इंजिनाची लाल गाडी त्याने सात वर्षं गॅरेजमध्ये उघडून ठेवली होती. कारखान्यातून निघाली तशीच ती त्याला हवी होती. (एका स्क्रूसाठी तो ओहायोला जाऊन आला. स्क्रू मिळाला नाही, सर्दी मिळाली.) आणि ते सातही हिवाळे त्याची बायको डार्लीन पहाटे पाचला, इस्पितळाच्या पाळीआधी, उघड्यावर उभ्या असलेल्या आपल्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती.

“जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत सुवर्णपत्र मिळालं की ही विकतो. गॅरेज तुझं,” व्हर्नन म्हणाला होता.

“आणि नाही मिळालं तर?”

“तर आणखी थोडं काम करावं लागेल.”

डार्लीनने त्याच दिवसापासून प्रार्थना सुरू केली.

स्पर्धेच्या सकाळी मैदानावर गाडी चढणीच्या फळ्यांवर उभी करून व्हर्नन कॉफी आणायला गेला. परत येतो तो डार्लीन गाडीखालून बाहेर सरकत होती. हातात चिंधी, चेहऱ्यावर समाधान.

“खाली काय डाग होते रे! पिवळे, हिरवे. चक्क पाच!”

“होते?”

“पुसले. परीक्षक काय म्हणाले असते?”

व्हर्नन गवतावर बसला. कारखान्यात प्रत्येक जोड घट्ट झाला की तपासणारा त्यावर रंगाचा ठिपका मारी. जुने फोटो भिंगाखाली धरून, पट्टीने मोजून, व्हर्ननने तेच ठिपके रंगवले होते.

“डार्लीन, ते लावायला मला चौदा महिने लागले!”

“काढायला मला चौदा मिनिटं लागली. आभार मान!”

व्हर्ननने डिकीतून रंग आणि ब्रश काढला, पण गाडीखाली शिरतानाच पहिला ठिपका त्याच्याच नाकावर पडला. तिकडे परीक्षक शेजारच्या गाडीपर्यंत पोचले होते. “आण इकडे! सुट्टीच्या दिवशीसुद्धा मीच राबायचं!” म्हणत डार्लीनने ब्रश ओढला, खाली शिरली आणि संतापाने फटाफट पाच ठिपके मारले. एक ओघळला. एक जोडावर बसलाच नाही, शेजारी बसला. व्हर्ननने डोळे मिटून घेतले.

परीक्षक ओटिस टब्झ त्याच कारखान्यात एकतीस वर्षं काढलेले. त्यांनी तासभर गाडी तपासली आणि दर दहा मिनिटांनी गुण कापले. रंग फारच गुळगुळीत. दारं फारच सरळ. इंजिनामागे हाताने लिहिलेला आकडा लग्नपत्रिकेवरच्यासारखा सुबक. सुवर्णपत्राला हजारपैकी साडेनऊशे हवे होते. नऊशे पंचेचाळीस झाले, आणि उरले फक्त खालचे पाच ठिपके.

टब्झ टॉर्च घेऊन खाली शिरले. बाहेर फक्त त्यांचे बूट दिसत होते.

“गेलं गॅरेज,” डार्लीन पुटपुटली.

टब्झ बाहेर आले ते डोळे पुसत. कागदावर त्यांनी ठळक पाच लिहिले. डार्लीनने किंकाळी फोडली. व्हर्नन छाती फुगवून हात मिळवायला पुढे झाला.

“सोमवारी सकाळी आम्ही अगदी असेच मारायचो. वैतागून, घड्याळाकडे बघत,” टब्झ गहिवरून म्हणाले. “पण साहेब, एक कळलं नाही. ज्याला हे इतकं जमतं, त्याने बाकीच्या गाडीला तुम्हाला हात लावू दिलाच कसा?”