बारा अंड्यांचा उपाय

जुलैतल्या एका सकाळी थाक ह्योन-बे यांना परसातल्या भोपळ्याच्या पानांवर पांढरे डाग दिसले. एकतीस वर्षे त्यांनी डोंगरातल्या वस्त्यांवर टपाल वाटले होते. शेतीशी त्यांचा संबंध एवढाच, की शेतकऱ्यांची कुत्री त्यांना ओळखत. वेलावर फळही एकच धरले होते, मुठीएवढे. त्यांची मुलगी युन-सिल ऑक्टोबरात बाळंत होणार होती, आणि बाळंतिणीची सूज उतरायला पिकल्या भोपळ्याचा रस हवा. "विकतचा नाही, बापाच्या परसातला पाठवीन," असे ह्योन-बे फोनवर बोलून बसले होते.

पत्नी पहाटेच्या बसने केस कुरळे करून घ्यायला तालुक्याला गेली होती. त्यांनी गावप्रमुख पांग मान-शिक यांना गाठले. गावाचा ध्वनिक्षेपक हाताशी असल्यामुळे मान-शिकना कोणतीही गोष्ट दोघांत ठेवणे जमत नसे. पाचच मिनिटांत दरी दुमदुमली.

"आ, आ. गावप्रमुख बोलतोय. थाकदादांच्या भोपळ्याला भुरी झालीय. फळ एकच आहे आणि ते बाळंतिणीसाठी राखलेलं आहे. जाणकारांनी लगेच यावं. फवारणीचा पंप आणावा. आणि समाजमंदिरातला मोठा डाव कोणी नेलाय, तोही आणावा."

दहा वाजेपर्यंत अर्धे गाव परसात होते. मान-शिकनी टोपी काढून वाफ्यातल्या काठीवर अडकवली आणि पानाकडे न पाहताच निदान पक्के केले.

"भुरीच. अंड्याचा बलक आणि तेल फेटून मारायचं. एक अंडं, वीस लिटर पाणी."

"एका अंड्यानं काय होतंय?" मागून कोणीतरी म्हणाले. "पोरीच्या बाळंतपणाचा प्रश्न आहे."

ह्योन-बेंना ते पटले. बापाच्या मायेला एक अंडे कमी वाटणे स्वाभाविक होते. तीन झाली, मग सहा. शेवटी बारा अंड्यांचे बलक तेलासह पंपात गेले आणि पंपाच्या तोंडातून फवारा येण्याऐवजी पिवळी लाळ गळू लागली.

"पातळ करा," मान-शिक म्हणाले.

पाणी आणायला जाण्यापेक्षा कोणी आणलेली तांदळाची दारू जवळ होती. ती ओतली गेली आणि पंपातून पानांवर फवारली गेली. तीही भुरीवर चालते, असे दोघांनी सांगितले. त्या दोघांनी मग ती स्वतःवरही चालते का, ते तपासले.

या गोंधळात मो ओक-बुन आजी शेतात बसून काम करताना कमरेला बांधतात त्या गोल गादीवर, नेमक्या त्या एकुलत्या फळाशेजारी बसल्या होत्या. एका हाताने फळावर रुमालाचे टोपरे धरून दुसऱ्या हाताने त्या शेंड्यांसकट पाने खुडत होत्या.

"आजी, तुम्ही कशाला त्रास घेता?" ह्योन-बे म्हणाले.

"रोगट पानं काढलेली बरी, पोस्टमन. लांब नेऊन टाकते."

"ती कोवळी दिसतात."

"कोवळ्यांनाच लवकर लागतं."

ह्योन-बेंचे डोळे पाणावले. गाव किती चांगले आहे, असे त्यांना वाटत असतानाच बसमधून उतरलेली त्यांची पत्नी, डोक्यावर घट्ट नव्या कुरळ्या केसांचा डोंगर घेऊन, फाटकात उभी राहिली. तिने एक पान उचलले, तेल पुसले आणि पांढऱ्या डागावर अंगठा घासला.

"भुरी बोटाला लागते," ती म्हणाली. "हे लागतंय का?"

तिने स्वच्छ अंगठा सगळ्यांपुढे धरला.

"या जातीची पानंच अशी चंदेरी ठिपक्यांची असतात. बियांच्या पाकिटावर चित्र आहे. मी ते काठीला लावलं होतं."

सगळ्यांनी काठीकडे पाहिले. मान-शिकनी हळूच टोपी उचलली. पाकीट खाली होते, चित्रासकट.

"टोपी कुठेतरी ठेवायलाच लागते," ते म्हणाले.

"आता बसू नका नुसते," पत्नी म्हणाली. "ऊन चढलं की तेलानं पानं भाजतील. धुवा."

मग अर्ध्या गावाने भांडी घासायचे स्पंज घेऊन एका वेलाला आंघोळ घातली. बारा अंड्यांच्या उरलेल्या पांढऱ्या भागाचे धिरडे झाले. जेवताना ओक-बुन आजींनी गाठोडे सोडले. आत घरून उकडून आणलेली भोपळ्याची पाने होती. त्यात भात आणि सोयाबीनचा खारट लगदा गुंडाळून त्या शांतपणे खाऊ लागल्या.

"आजी, ही रोगट पानं?" ह्योन-बेंनी विचारले.

"कसला रोग? मला सकाळीच कळलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर एवढी कोवळी पानं कोणी दिली असती? पण पोरीच्या फळाला थेंब लागू दिला नाही, ते बघ की."

ते खरे होते. शिवाय शेंडे खुडल्यामुळे वेलाचा सगळा जोर त्या एका फळात गेला. ऑक्टोबरात ते उचलायला दोन माणसे लागली. युन-सिलची सूज उतरली, बिया गावात वाटल्या गेल्या.

पुढच्या जुलैत युन-सिल बाळाला घेऊन माहेरी आली आणि तिला उकडल्या पानांतला भात खावासा वाटला. परसातल्या वेलाला अजून दोनच पाने होती. ह्योन-बे स्वयंपाकघरात जाऊन आले आणि पिशवी घेऊन मान-शिकच्या, त्याच बियांच्या भरगच्च वाफ्यापाशी पोहोचले. एक कोवळे पान उचलून त्यांनी त्यावर अंगठा घासला आणि गंभीरपणे पुढे केला. अंगठा पांढरा झाला होता.

"यंदा लागतंय, प्रमुख."

मान-शिकचा चेहरा उतरला. ते ध्वनिक्षेपकाकडे वळले.

"गावाला कशाला घाबरवायचं?" तांदळाच्या पिठाचा अंगठा खिशात घालत ह्योन-बे म्हणाले. "पानं मी लांब नेऊन टाकतो."