सात किलोचं पुस्तक

आईबाप पोरांना वाचून दाखवत नाहीत, असा ठपका तुम्हीच ठेवलात, साहेब. शिक्षण खात्याच्या गुळगुळीत पत्रकावर, खाली गोल शिक्का मारून ठेवलात. आणि ज्या पुस्तकांतून वाचून दाखवायचं, ती चाळीस पुस्तकं शाळेच्या लोखंडी कपाटात कोंबून वर कुलूप ठोकलंत, तेही तुम्हीच. पोराला पोहता येत नाही म्हणून बापाला झापायचं आणि विहिरीवर जाळी बसवायची, असला हा कारभार. त्याचा तडाखा बसला कपडे धुण्याची मशिनं दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकला.

मेकॅनिकची मुलगी पाच वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. तो तिला शाळेतून न्यायला गेला, तेव्हा बालवर्गाच्या बाईंनी त्याच्या हातात एक तक्ता ठेवला.

"रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचून दाखवायचं. तारीख, पुस्तकाचं नाव, सही. तीस दिवस भरले तर मूल पहिलीत. नाही भरले तर पुन्हा बालवर्ग."

"बरं. पुस्तक द्या."

बाईंनी कपाटाकडे पाहिलं. "ती द्यायची नाहीत. फाटलं तर वरून मलाच विचारतात."

"मग दुकानातून आणतो."

"ही खात्याने छापलीत. दुकानात नसतात. आणि आपल्या चौकातल्या दुकानात परीक्षेच्या गाइडांशिवाय दुसरं असतं काय?"

"म्हणजे पोटभर जेवा, पण ताट आमच्याकडेच राहील!"

"माझ्यावर कशाला तडकताय? तक्त्यावर काय लिहिलंय? 'छापील मजकूर'. छापलेलं काहीही वाचा, पण वाचा एकदाचं."

मेकॅनिकच्या घरात छापलेलं म्हणावं असं एकच होतं. मशिनांबरोबर येतात त्या माहितीपुस्तिका. त्यातली बरी चित्रं असलेली एक त्याने उचलली, भिंगरीला शेजारी बसवलं आणि ओळीखाली बोट धरून सुरुवात केली.

"'मशीन जोरात हलत असल्यास त्याचे पाय समपातळीत आहेत का, ते पाहावे.'"

"का हलतंय?"

"पाय वरखाली असतील."

"मग?"

"मग काय? सारखे करायचे."

"नाही केले तर?"

वीस वर्षं तो याच धंद्यात होता, पण हा प्रश्न त्याला एकाही गिऱ्हाइकाने विचारला नव्हता. गिऱ्हाईक फक्त 'कधी होईल' एवढंच विचारतं. तो म्हणाला, "नाही केले तर... चालायला लागतं."

"कुठे?"

"दाराकडे. मी स्वतः पाहिलंय. कोपऱ्यातून निघालेलं एक मशीन पार उंबऱ्यापाशी गेलं होतं."

जेवायलासुद्धा न बसणारी भिंगरी मांडी ठोकून बसली. "कुठे जायचं होतं त्याला?"

हे मात्र मेकॅनिकलाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांच्या घरी फिरताना तो प्रत्येक मशीनकडे संशयाने बघत राहिला. कुठे जायचं असेल बरं याला?

त्या दिवसापासून गोष्ट वाढत गेली. मशीनला बाहेरचं पाणी बघायचं होतं, कारण नळातून येणाऱ्या पाण्याने त्याला नदीबद्दल काहीबाही सांगितलं होतं. बसवर कंडक्टर असलेली भिंगरीची आई कामावरून आली आणि दारातच थबकली.

"अहो, काय वाचताय पोरीला?"

"गोष्ट."

"गोष्टीत 'वीजपुरवठा खंडित करावा' कुठून आलं?"

"आई, तो दुष्ट आहे!" भिंगरी ओरडली. "तो खंडित करतो!"

आईने खांद्यावरची बॅग न उतरवताच खुर्ची ओढली. "करतो म्हणजे? केलं की काय त्याने?"

बाराव्या दिवशी मेकॅनिकच्या लक्षात एक गंमत आली. भिंगरीचं बोट त्याच्या बोटाच्या पुढे पळत होतं. तो 'पाणी'वर असताना ती 'झाकण'पाशी पोचून थांबली होती. "बाबा, लवकर या ना, इथे झाकण उघडणारे!" अक्षरं शिक म्हणून तिला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे काय होतं ते बापाच्या आधी कळावं, एवढ्याच हावेपोटी तिने ती पकडली होती.

तक्ता तो इमानदारीत भरत होता, आणि बाई त्याची नक्कल खात्याकडे पाठवत होत्या. पुस्तकाचं नाव या रकान्यात कव्हरवर होतं तसंच रोज उतरवायचा: 'पूर्ण स्वयंचलित, सात किलो'.

खरा घोळ इथून पुढे. भिंगरीने गोष्ट वर्गात सांगितली. वर्गातल्या सव्वीस पोरांनी घरी जाऊन आपापल्या मशीनवरची अक्षरं लावायला सुरुवात केली. 'थांबा' सापडलं, 'सुरू' सापडलं, आणि मशीनने पोटात काय लपवलंय ते बघायला अकरा घरांत खालची जाळी उघडली गेली. अकरा घरांत घोट्याएवढं पाणी. मेकॅनिकचा फोन तापला.

"वा रे शहाणे!" एक बाई फोनवरच कडाडल्या. "पोरीला पुढे धाडता, मशिनं बिघडवता, आणि मागून हत्यारं घेऊन हजर!"

"बाई, मशीन बिघडलेलं नाही. जाळी परत बसवून उजवीकडे फिरवा."

"ते माझ्या मुलाने केव्हाच केलं. पुस्तिकेत वाचून! मला सांगा, मशीन नदीपर्यंत पोचलं का? तो जेवत नाहीये."

बालवर्गाच्या बाईंनी त्याला बोलावून घेतलं. त्या रागावल्या होत्या हे खरं, पण चक्रावल्या होत्या त्याहून जास्त. "वर्षभर 'झ' गिरवून घेतला, एकाच्याही डोक्यात राहिला नाही. आणि आज सगळे झाकणाचा 'झ' म्हणून नाचताहेत. मी ती पुस्तिका मागवून वाचून दाखवली, तर म्हणतात, बाई, तुम्ही चुकीचं वाचता!"

"तुम्ही काय वाचलंत?"

"लिहिलंय ते."

"तिथेच चुकलं," मेकॅनिक म्हणाला. हत्यारांची पिशवी बाजूला ठेवून तो पोरांमध्ये बसला आणि त्याने पान अकरा उघडलं. मशीन उंबऱ्यापाशी आलेलं. पुढचे दोन पाय बाहेर, मागचे दोन आत. वायर ताणलेली. खंडित करणारा जिन्यावरून वर येतोय.

तेवढ्यात दार उघडलं आणि खात्याचे साहेब आत आले. त्यांच्या हातात वजनकाटा होता.

"सात किलोचं पुस्तक कुठंय?"

साहेबांनी फाइल उघडली. "दप्तराचं वजन दीड किलोच्या वर नको, असा नियम आहे. या शाळेतली एक बालिका वीस दिवस सात किलोचं पुस्तक वाचते आहे. तक्त्यावर पालकाची सही आहे."

मेकॅनिकने पुस्तिका पुढे केली. साहेबांनी ती काट्यावर ठेवली, चष्मा पुसून पुन्हा ठेवली. साठ ग्रॅम.

"सात किलो कपडे मावतात, साहेब. पुस्तक नव्हे."

"म्हणजे हे पुस्तकच नाही!" साहेबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "तक्त्याची तळटीप वाचा. वाचन मान्य यादीतल्याच पुस्तकांतून. दिवस धरता येणार नाहीत. वीस दिवस शून्य."

"अहो, पण पोरगी वाचायला लागली!"

"कशातून लागली, तो मुद्दा आहे."

"कपाट उघडा, आत्ता यादीतलं पुस्तक देतो तिच्या हातात. बघा वाचते का."

"किल्ली मुख्य कार्यालयात असते." साहेबांनी खिशातून खात्याचं पत्रक काढलं. "वाचता येतं ना? मग हे वाच बाळ."

भिंगरीने बोट ठेवलं. जोडाक्षर आलं की त्याला वळसा घालत, पण ती चालत राहिली. "पा-लक... वाचत... नाहीत. मग?"

"मग काही नाही. खाली सही आहे."

"गोष्ट संपायच्या आधीच सही कशी केली?" भिंगरीने कागद परत दिला. "ही गोष्ट चांगली नाही."

सव्वीस पोरं हसली. बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं, पण खांदे हलायचे ते हललेच. साहेबांनी पुस्तिका आणि तक्ता दोन्ही फाइलमध्ये घातले, पुरावा म्हणून. मशीन तसंच उंबऱ्यावर लटकत राहिलं. दाराशी जाऊन साहेब उगाचच थबकले, जिन्याकडे बघून घेतलं, आणि मग गेले.

पंधरा दिवस काहीच आलं नाही. भिंगरी पहिलीत जाणार की नाही, हे बाईंनाही ठाऊक नव्हतं. मग एक लिफाफा आला. मेकॅनिकचे हात ग्रीसने माखलेले होते, म्हणून भिंगरीने तो फोडला आणि तीच मोठ्याने वाचायला बसली. अवघड शब्दाला आई मागून टेकू देत होती.

'विषय: मशीनबाबत खुलासा. आपली पुस्तिका चौकशीकामी निम्नस्वाक्षरीकाराच्या निवासस्थानी नेली असता, नातवाने ती वाचून दाखविण्याचा आग्रह धरला. पान अकरापर्यंतची आपली गोष्ट, बालवर्गातील बालकांकडून समजली तशी, सांगण्यात आली. त्यापुढील मजकूर छापलेला आढळत नाही. नातू दररोज विचारणा करीत आहे. कार्यालयातील कर्मचारीही विचारणा करीत आहेत. तरी सदर मशीन दाराबाहेर पडले किंवा कसे, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.'

"पडलं ना, बाबा?" भिंगरी म्हणाली. "लिहा ना त्यांना. तो मुलगा वाट बघत असेल."

मेकॅनिकने हात पुसले. पत्र उलटं केलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर ठसठशीत अक्षरांत लिहिलं:

'साहेब, मशीन बाहेर पडलं. कुठे गेलं, तेही मला माहीत आहे. नातवाला घेऊन शाळेत या, सगळं सांगतो. पण तुमच्या पत्रात एक ओळ राहिली, ती आधी भरा. हे पत्र मला माझ्या पाच वर्षांच्या मुलीने वाचून दाखवलं. ती पहिलीत बसणार की पुन्हा बालवर्गात? तळटीप नको. हो की नाही, तेवढंच लिहा.'