तात्यांच्या वाळवंटातला पाऊस

"तात्या, तुमच्या वाळवंटात पाऊस पडतोय," पुतणी नकाशावरून मान वर न करता म्हणाली.

तात्यांचं डोकंच फिरलं. फिरणार नाही तर काय! पाणीखात्यातून निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं हा माणूस सहाशे पानांची कादंबरी लिहितोय, तीही एका नव्याकोऱ्या ग्रहावरची. शनिवारी ती प्रकाशकाच्या हातात द्यायची. आणि आज सोमवार, तर हवामान खात्यात नुकतीच लागलेली ही कालची पोर म्हणते, पाऊस पडतोय! नकाशा तिला दाखवला होता तो कौतुक करायला.

"पडतोय कसा? माझा नायक दोनशे पानं तिथे पाण्यावाचून तडफडतोय!"

"पहिलं वाक्य काय तुमचं?"

"'पश्चिमेला सूर्य उगवला.'" हे वाक्य अख्ख्या घराला पाठ होतं.

"म्हणजे ग्रह उलटा फिरतो. मग वारेही उलटे. पश्चिमेच्या समुद्रावरून ओला वारा येणार, या डोंगराला अडणार आणि डोंगराच्या अलीकडे, तुमच्या वाळवंटात, धो धो कोसळणार. पलीकडे राजधानीत थेंब नाही. त्यापेक्षा सूर्य पूर्वेला उगवू द्या, सगळं जागच्या जागी बसेल."

"त्या वाक्याला हात लावायचा नाही!" तात्या गरजले, आणि एक वाक्य वाचवायला त्यांनी अख्खा ग्रह उसवायला घेतला.

मंगळवारी वाळवंट डोंगरापलीकडे गेलं. तिथे राजधानी होती. तलाव आटले. राजकन्या नावेतून पळून जायची, तिला आता पायी पळवावी लागली. बुधवारी तहानेने मरायला टेकलेला नायक गुडघाभर चिखलात उभा राहिला आणि त्याला सर्दी झाली. गुरुवारी तर कहर झाला. नायकाची माणसं पाण्यासाठी राजधानीवर चाल करून जायची, पण आता पाणी त्यांच्याचकडे! युद्ध राजाला करावं लागलं. नऊ वर्षं ज्या राजाला तात्यांनी शिव्या घातल्या, तो एका दिवसात बिचारा झाला.

"अहो, तो नकाशा उचला," बायको कडाडली. "चार दिवस आम्ही ओट्यापाशी उभ्याने जेवतोय!"

"टेबलावर ताट ठेवलंस तर समुद्रात पडेल!"

शनिवारी प्रकाशकाने नवी पानं चाळली आणि चष्मा काढला.

"हे काय? नायक छत्री घेऊन?"

"तिथे पाऊस असतो आता."

"पण कव्हर छापून झालंय! रणरणत्या वाळूत तहानलेला नायक. तुम्हीच सांगितलं होतंत."

"तेव्हा मला वाऱ्याचं कळत नव्हतं."

"वारा कुणाला दिसतोय हो? जुनी प्रत द्या, सोमवारी छपाईला टाकतो."

जुनी प्रत पिशवीतच होती. नुसता हात घालायचा होता. तात्यांनी हात घातलाही. मग त्यांनी विचारलं, "आणि वाळवंटातला पाऊस?"

"पाडू नका!" प्रकाशक म्हणाला.

तात्या पिशवी उचलून तडक घरी आले. बायको आणि पुतणी दारातच उभ्या होत्या.

"दिलीत?" बायकोने विचारलं.

"त्याला? वारा कुठून येतो याचीसुद्धा ज्याला पर्वा नाही, अशा माणसाच्या हाती मी ग्रह देऊ?"

बायकोने कपाळावर हात मारला. पुतणीचा चेहरा एवढासा झाला. "तात्या, जुनी देऊन टाकायची होतीत. मी कुणाला काही बोलले नसते."

"तू नसतीस बोललीस!" तात्या भडकले, आणि एकदम त्यांचा आवाज चिरकला. "पण नऊ वर्षं राहतोय गं मी तिथे!"